शिवाजीनगरचा पारा आणि चाकणची खोली

एप्रिल उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'शहराचे कमाल तापमान' रोज छापून येते. पूर्वी तो आकडा शिवाजीनगरच्या वेधशाळेचाच असे. आता स्वयंचलित केंद्रे वाढल्यामुळे लोहगाव, पाषाण, मगरपट्टा, चिंचवड अशी वेगवेगळी तापमाने कळतात आणि त्यांच्यात काही अंशांचा फरक असतो, हेही वाचकांच्या अंगवळणी पडले आहे. तरीही महाळुंगे, खराबवाडी किंवा कुरुळीच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत, जिथे तिघे-चौघे कामगार भाड्याने राहतात, तिथे दुपारी किती उकडते हे या यादीतला कोणताच आकडा सांगत नाही. सांगणारही नाही, कारण ते त्याचे काम नाही.

वेधशाळा तापमान मोजते ते मोकळ्या जागेत, सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर. सगळीकडे मोजण्याची पद्धत एकच असल्यामुळेच पुण्याची नागपूरशी आणि या वर्षाची गेल्या वर्षाशी तुलना करता येते. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. रुग्ण खोलीत राहतो, शेडमध्ये काम करतो आणि कंपनीच्या बसची वाट पाहत डांबरी रस्त्यावर उभा राहतो.

औद्योगिक पट्ट्यातली दुसरी गंमत म्हणजे पाळ्या. रातपाळी करून सकाळी आठ-नऊला खोलीवर परतलेल्या माणसाची रात्र तेव्हा सुरू होते आणि दुपारी चारला संपते. 'किमान तापमान 24 अंश' ही बातमी त्याच्या कामाची नाही. ते 24 अंश पहाटे सहाच्या सुमारास येऊन गेले, तेव्हा तो मशीनवर उभा होता. दिवसाचे सगळ्यांत तापलेले तास तो पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करत काढतो. दिवसभर श्रम केलेले शरीर झोपेत थंड होते, हृदयाचे ठोके खाली येतात, पाण्याची तूट भरून निघते. ही भरपाई झालीच नाही, तर दुसऱ्या दिवशीचे काम आधीच्या थकव्यावर चढते. उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत पायात गोळे येणे, डोके जड होणे, लघवी गडद आणि कमी होणे, भोवळ येणे अशा तक्रारी घेऊन तरुण कामगार येतात. खोलीत किती गरम होते, असे डॉक्टरांनी विचारले तर 'लय गरम होतं, भट्टीच' असे उत्तर मिळते. ते खरेच असते. फक्त त्यात आकडा नसतो.

हा आकडा मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा हातात मावेल एवढा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. त्याच्या वरच्या पायरीवर घरगुती हवामान केंद्र असते. त्यात घरात ठेवायचा पडदा, बाहेर लावायचा बिनतारी सेन्सर आणि मोठ्या संचात वाऱ्याच्या वाट्या, दिशादर्शक व पर्जन्यमापक येतात. छंद म्हणून घेणाऱ्यांनी मोठा संच जरूर घ्यावा. आरोग्यासाठी मात्र घराबाहेर एक आणि घरात एक असे दोन सेन्सर पुरतात. त्यांत दिवसभरातला कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवण्याची सोय असलीच पाहिजे. दुपारी दोन वाजता आपण घरी नसतो, पण मीटर असतो.

पेटी पांढरी का असते?

वेधशाळेतल्या त्या झडपांच्या पेटीला 'स्टीव्हन्सन स्क्रीन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने घडवली. तो दीपगृहे बांधणारा माणूस आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. त्याने ओळखलेली अडचण आजही तशीच आहे. तापमापकावर ऊन पडले की तो हवेचे नव्हे, स्वतःचे तापमान सांगतो. सावलीत पण भिंतीला चिकटवून ठेवला, तर भिंतीचे सांगतो.

पुणेकरांना हा विषय परका नसावा. 1928 मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण उपकरणांचे काम पुण्यात राहिले. 1948 मध्ये अण्णा मणी ही केरळात जन्मलेली भौतिकशास्त्रज्ञ इथल्या उपकरण विभागात रुजू झाली. त्या वेळी साधीसाधी हवामान उपकरणेही परदेशातून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवण्याची घडी बसवली. आज ऑनलाइन मागवलेल्या संचाचे खोके उघडणाऱ्याने त्यांचा कटाक्ष थोडा तरी उसना घ्यावा. उपकरण महाग की स्वस्त, यापेक्षा ते कुठे आणि कसे लावले यावर आकड्याची किंमत ठरते.

बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या बाजूला, दिवसभर सावली राहील असा, भिंतीपासून हातभर दूर आणि डोक्याच्या उंचीवर टांगावा. संचाबरोबर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या थाळ्यांची उतरंड येत असेल तर तीच त्याची पेटी. नसेल तर पांढऱ्या थाळ्या एकीवर एक, मध्ये बोटभर फट ठेवून रचल्या तरी काम भागते. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा पंखा, गॅसच्या शेगडीवरची खिडकी आणि पाण्याची टाकी यांच्यापासून तो लांब असावा. आणि गच्चीवर नको. तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खालून उष्णता फेकत राहतो, त्यामुळे सेन्सर शहराच्या नव्हे, गच्चीच्या हवामानाची बातमी देतो. बिनतारी संदेश पत्र्यातून आणि सळईच्या काँक्रीटमधून नीट जात नाहीत. पडद्यावर आकड्यांऐवजी रेघा दिसू लागल्या तर आधी मध्ये काय आडवे येते ते पाहावे.

घरातला सेन्सर मात्र माणूस जिथे झोपतो तिथेच, अंथरुणापासून फार उंच नाही असा ठेवावा. टीव्हीवर किंवा फ्रिजवर नको. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भर उन्हात पत्रा सहज साठ अंशांच्या पुढे जातो आणि त्याची धग प्रारणाच्या रूपाने थेट अंगावर येते. साधा सेन्सर मोजतो ती फक्त हवा. त्यामुळे पत्र्याखाली मीटर 38 दाखवत असेल, तर शरीर भोगते ते त्याहून जास्त.

पत्रा आणि स्लॅब

आठवडाभर दर दोन तासांनी आतला आणि बाहेरचा आकडा वहीत लिहिला, तर घराचा स्वभाव कळतो. पत्र्याची खोली ऊन चढते तशी झटपट तापते, दुपारी बाहेरच्या हवेच्या पुढे जाते आणि सूर्य मावळला की तितक्याच झटपट निवते. वरच्या मजल्यावरचे स्लॅबचे घर याच्या उलट वागते. काँक्रीट दिवसभर उष्णता पीत राहते आणि संध्याकाळनंतर ती आत सोडते. बाहेर गार वारा सुटलेला असतो, तेव्हाही आतला आकडा खाली यायला तयार नसतो.

म्हणजे दिवसपाळीच्या माणसाला शेवटच्या मजल्यावरचा स्लॅब छळतो आणि रातपाळीच्या माणसाला पत्रा. एकाच कंपनीतल्या दोघांना वेगवेगळा सल्ला द्यावा लागतो, तो यामुळे. दुपारची झोप पत्र्याखाली घ्यायची असेल, तर पत्र्याला बाहेरून चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात देणे, वर ओली गोणपाटे किंवा गवत टाकणे, आतून थर्माकोल किंवा बांबूच्या तट्ट्याचे छत करणे, यांतले जमेल ते करावे. फरक किती पडला हे त्याच मीटरवर दिसते आणि घरमालकाशी बोलताना 'फार उकडतं' यापेक्षा 'दुपारी दोनला 39 अंश' हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

स्लॅबच्या घरात प्रश्न खिडक्यांचा. बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा जास्त असेल तोवर खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. ज्या क्षणी बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली येतो, त्या क्षणी सगळे उघडावे आणि शक्य असेल तर पंखा खिडकीकडे तोंड करून आतली हवा बाहेर लोटावी. ती वेळ अंदाजाने कळत नाही. अनेक घरांत खिडक्या उघडतात दुपारी, म्हणजे नेमक्या नको तेव्हा.

नुसता पारा पुरत नाही

आता मीटरवरच्या दुसऱ्या आकड्याकडे वळायला हवे. लोक तापमान वाचतात आणि आर्द्रतेचे टक्के सोडून देतात. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम निथळून जमिनीवर पडला तर पाणी आणि मीठ तेवढे जाते, उष्णता आतच राहते.

हवा घाम किती वाळू देईल, याचे जुने माप म्हणजे 'वेट बल्ब' तापमान. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे आणि वारा घालायचा. पाणी वाळते तसा पारा उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. ते ओले तापमान. मेमधली कोरडी दुपार घ्या. तापमान 40 अंश, आर्द्रता 20 टक्के असेल तर ओले तापमान भरते सुमारे 23. आता पाऊस तोंडावर आलेला असतानाची एखादी कोंदट संध्याकाळ घ्या. तापमान 34 आणि आर्द्रता 65 टक्के. बातमीत हा आकडा कोणी ठळक छापणार नाही. पण इथे ओले तापमान होते साडेअठ्ठावीस, म्हणजे त्या चाळीस अंशांच्या दुपारपेक्षा पाच अंशांनी जास्त. शरीराच्या हिशेबात ही संध्याकाळ जड आहे.

35 अंशांचे ओले तापमान ही माणसाच्या सहनशक्तीची शेवटची हद्द, असे पुस्तकी गणित 2010 मध्ये मांडले गेले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हलकी हालचाल करतानाही दमट हवेत ही हद्द 31 अंशांच्या आसपासच आढळली. वृद्ध, मधुमेही, हृदयरोगी आणि जड काम करणारे यांची हद्द त्याहून खाली असणार. आपल्याकडच्या 1948 च्या कारखाने कायद्यालाही हे माहीत होते. त्यातले कलम 13 कामाच्या जागेच्या हवेशीरपणाबद्दल आणि तापमानाबद्दल होते आणि त्याखालच्या नमुना नियमांत कामाच्या दालनात दीड मीटर उंचीवर ओले तापमान 30 अंशांपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले होते. कायद्याने पाऱ्यापेक्षा ओल्या फडक्यावर भरवसा ठेवला, ही समंजस गोष्ट होती.

याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातले कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा उन्हाळ्यातला बरा दिवस वाटेल. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर थेट ऊन आणि तासन्‌तास एका जागी बसणे यांचा हिशेब त्या 38 मध्ये नव्हता.

बऱ्याच घरगुती संचांत तापमान आणि आर्द्रता एकत्र करून 'हीट इंडेक्स' किंवा 'फील्स लाइक' असा आकडा दाखवतात. रॉबर्ट स्टीडमन यांनी 1979 मध्ये मांडलेल्या गणितावर तो आधारलेला आहे. 32 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर तो 41 सांगतो. 41 च्या पुढे अमेरिकी हवामान सेवा 'धोका' असा शेरा मारते. पण हे गणित सावलीतल्या, हलक्या वाऱ्यातल्या माणसाचे आहे. थेट उन्हात त्यात आठ अंशांपर्यंत भर पडू शकते. भट्टीपाशी किंवा प्रेसवर काम करणाऱ्याने तो आकडा 'निदान एवढे तरी' असा वाचावा.

कूलरचेही गणित इथेच सुटते. कूलर हवेला ओल्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. मेमधल्या कोरड्या दुपारी 40 अंशांची हवा तो सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत आणतो, म्हणून देवदूत वाटतो. जूनच्या त्या कोंदट संध्याकाळी तो फार तर तिशीपर्यंत पोहोचतो आणि खिडक्या बंद असतील तर खोलीत दमटपणा साठवतो. आर्द्रता साठच्या पुढे गेली की कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा आणि उघडी खिडकी बरी. पंख्यालाही मर्यादा आहे. खोलीतली हवा 40 अंशांच्या पुढे असेल तर तो अंगावर गरम झळ फेकतो, तेव्हा पंखा थांबवून ओल्या कपड्याने अंग पुसावे, असाच जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे.

आर्द्रतेचा सेन्सर मात्र लबाड असतो. नवा असतानाही तीन ते पाच टक्क्यांची चूक चालते आणि धूळ-तेलाच्या हवेत तो लवकर बिघडतो. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपला लागून घर असेल तर हे अपेक्षितच. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन, विरघळणार नाही इतके थेंबभर पाणी घालून त्याचा ओला लगदा करावा. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात शेजारी-शेजारी, पाणी मीटरला लागणार नाही असे, रात्रभर ठेवावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा साधारण 75 टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सकाळी मीटर 70 दाखवत असेल तर पुढे त्याच्या आकड्यात पाच मिळवून वाचावे. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

वायुदाबाचा आकडा पाहून काही जण संच परत पाठवायला निघतात. पुस्तकात 1013 आणि घरात साडेनऊशेच्या आसपास! बिघाड काही नाही. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर आहे. उंचीची नोंद केली की आकडा जागेवर येतो. ज्या संचांत धूलिकणांचा सेन्सर असतो, त्यांनी पावसाळ्यात आणि धुक्यात दाखवलेला भडक आकडा जपून घ्यावा. कण ओल शोषून फुगतात आणि सेन्सर फसतो. प्रदूषणासाठी 'सफर'ची भोसरी, निगडी, आळंदी इथली केंद्रे पाहिलेली बरी.

पर्जन्यमापक असेल तर नोंद सकाळी साडेआठला करावी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा असतो, त्यामुळे तुलना जमते. त्यावरून पवनेला पूर येईल का, हे मात्र ठरवू नये. तो पाऊस मावळात पडतो आणि धरणाच्या दरवाजातून येतो. घरच्या मापकाचा आरोग्याशी संबंध वेगळा आहे. पाऊस पडून उघडीप झाली, की टायर, कुंड्यांच्या थाळ्या, शेडबाहेरचे रिकामे ड्रम यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या एडीस डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते. आठवड्याचा 'कोरडा दिवस' त्या मुदतीच्या आत पाळला तरच उपयोग.

आणखी एक जागा, जिथे आतला मीटर खरोखर औषध वाचवतो. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली बहुधा 30 अंशांच्या खाली ठेवायची असते. भाड्याच्या खोलीत फ्रिज नसतो. अशा वेळी मातीच्या दोन भांड्यांत, मध्ये ओली वाळू घालून, इन्सुलिन ठेवायला सांगतात. कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती छान चालते. पण माठही कूलरचाच भाऊ. हवा दमट झाली की त्याचा गारवा संपतो. छोटा मीटर भांड्यात ठेवून पाहिले तर माठ कधी पुरतो आणि शेजारच्या किराणा दुकानाच्या फ्रिजची विनंती कधी करायला हवी, हे कळते. साखर अकारण वाढली म्हणून डोस वाढवण्याआधी बाटली कुठे ठेवता, हे डॉक्टरांनी विचारायला हवे आणि रुग्णाने सांगायला हवे.

आकडे हाती आल्यावर करायचे काय, हे माणसागणिक बदलते. सुट्टीवरून, गावाहून परतलेला किंवा नव्याने लागलेला कामगार सगळ्यांत जास्त धोक्यात असतो. उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि काही आठवडे खंड पडला की ती मोडते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे की नवख्याला पहिल्या दिवशी उष्ण जागेतले पाचव्या हिश्शाएवढेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे. आपल्याकडे कंत्राटी मुलगा पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भरतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांना भेटून डोस तपासून घ्यावा. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आणि कोणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली आणि अंग चटके बसावे इतके तापलेले असेल, तर तेव्हा मीटर बघायचा नाही. घाम येत असला तरीही तो उष्माघात असू शकतो. 108 ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नये. सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, बादल्यांनी पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. बर्फ मिळत नसेल तर कंपनीच्या गेटवरचा नळ आणि दोन चादरी पुरतात. चादर भिजवून अंगावर टाकायची, गरम झाली की बदलायची आणि गाडी रुग्णालयाच्या दारात लागेपर्यंत हे चालू ठेवायचे.